वाळवंटातला मे महिना

आमच्या भांडुपच्या इमारतीत तळमजल्यावर एक वहिनी राहतात. वहिनी म्हणजे साऱ्या इमारतीच्याच वहिनी. वय ६७, गुडघे थोडे कुरकुरणारे, रक्तदाबाची गोळी रोज सकाळी. त्यांचा धाकटा मुलगा शारजाला नोकरी करतो. त्याला पाच वर्षांचा मुलगा आहे, आणि या नातवाला आजीने आजवर फोनच्या काचेतच अधिक पाहिले आहे. या खेपेस वहिनींनी मनावर घेतले. सोबतीला सातवीतली नात, म्हणजे मुलीची मुलगी. तिला सुट्टी मे महिन्यातच मिळायची, तेव्हा तिकिटे निघाली तीही मेच्या दुसऱ्या आठवड्याची.

ही बातमी जिन्यावर पसरली आणि इमारतीत दोन तट पडले. एक तट म्हणू लागला, "मे महिन्यात वाळवंटात? अहो, मे महिन्यात माणसं महाबळेश्वरला जातात!" दुसरा तट भलताच आत्मविश्वासाचा. "ज्यानं मे महिन्यात भांडुपहून सकाळची लोकल पकडली आहे, त्याला वाळवंटाचं काय भय? आपल्याला उकाड्याची सवय आहे." वहिनी बिचाऱ्या मधल्यामध्ये. मी तिकडे एकदा जानेवारीत आणि एकदा मे महिन्यात जाऊन आलो आहे, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्या मला विचारायला आल्या, "भावोजी, जावं की न जावं?"

जावे, असे मी सांगितले. पण पहिल्या तटापेक्षा मला दुसऱ्याची भीती अधिक वाटते. "आपल्याला सवय आहे" म्हणणाऱ्याची चूक कुठे होते, ते जरा नीट उलगडून सांगितले पाहिजे.

प्रथम हा ऑफ सीझन म्हणजे काय प्रकार आहे ते पाहू. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माथेरानला गेलेल्या माणसाला तो लगेच समजेल. खोल्यांचे भाव उतरलेले, दुकानदार बोलायला मोकळा, पण नेरळहून वर चढणारी छोटी गाडी पावसामुळे बंद, आणि पॉइंटवर उभे राहिले तर समोर नुसते धुके. दुबई, शारजा, अबू धाबी या मुलखाचे चक्र नेमके उलटे फिरते. तिथे धंद्याचे दिवस नोव्हेंबर ते मार्च. थंड देशांतली माणसे तेव्हा ऊन खायला येतात. एप्रिलमध्ये गर्दी ओसरू लागते आणि मे उजाडला की हॉटेलांचे दर खाली येतात. पुढे सप्टेंबरपर्यंत मंदीच. त्यातही मे हा या मंदीचा उंबरठा. भाव उतरलेले असतात, पण उन्हाळा अजून पुरता चढलेला नसतो. दुबईत मे महिन्यात दिवसाचे कमाल तापमान सरासरीने ३८ अंशांच्या आसपास असते आणि रात्री ते २४-२५ पर्यंत उतरते. ऑगस्टमध्ये दिवस ४१ च्या वर जातो, आणि रात्रीसुद्धा पारा ३० च्या खाली येता येत नाही. शिवाय जुलैपासून समुद्रावरचा दमटपणा इतका वाढतो की चष्म्याची काच दारातच धूसर होते. तेव्हा स्वस्ताई हवी आणि अंगही सांभाळायचे असेल, तर मेचा पहिला पंधरवडा त्यातल्या त्यात बरा. महिन्याच्या अखेरीस मात्र पारा एखाद्या दिवशी ४२-४३ लाही सहज टेकतो.

इथे एक गोष्ट हिशेबात धरावी. हॉटेल स्वस्त होते म्हणून विमानही स्वस्त होते असे नाही. तिकडचा मंदीचा काळ हाच आपल्या शाळांच्या सुट्टीचा काळ, त्यामुळे मुंबईहून सुटणाऱ्या विमानांत आपलीच माणसे भरलेली असतात. ईद मेजूनमध्ये येत असेल तर पुन्हा भाव चढतात. ही तिथी चांद्रमासाची, दर वर्षी दहाअकरा दिवस अलीकडे सरकणारी. २०२५ साली बकरी ईद जूनच्या पहिल्या आठवड्यात पडली होती. तिकीट काढताना ते पाहून घ्यावे. आणि दुसरे असे की तिकडच्या शाळांना मे महिन्यात सुट्टी नसते. मोठी सुट्टी लागते ती जुलैच्या सुमारास. वहिनींचा नातू दुपारपर्यंत शाळेत आणि मुलगा संध्याकाळपर्यंत कचेरीत, म्हणजे कामाच्या दिवशी आजी आणि नात घरात दोघीच. त्या देशात बहुतेक ठिकाणी सुट्टी शनिवार-रविवारची. २०२२ च्या जानेवारीपूर्वी ती शुक्रवार-शनिवारची होती, आणि आपल्याकडे पुष्कळांच्या डोक्यात अजून तोच शुक्रवार बसलेला आहे. मुलाबरोबर हिंडायचे बेत सुट्टीच्या दिवसांतच बसवावे लागतात.

आता उन्हाकडे वळू. आपल्या मुंबईत मेच्या १५-१६ तारखेच्या सुमारास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. इतका, की उभ्या काठीची सावली पडत नाही. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. दुबई कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे, त्यामुळे तिथे सूर्य वर्षात कधीच अगदी माथ्यावर येत नाही. त्या दिवशीदेखील तो तिथे पाचसहा अंशांनी कललेलाच असतो. म्हणजे सूर्य आपल्याकडे जास्त सरळ, आणि तरी पारा आपल्याकडे ३३-३४ वर थांबतो, तिकडे तो चारपाच अंश पुढे जातो. असे का व्हावे?

याचे उत्तर पाण्यात आहे. आपल्याकडे उन्हाचा पुष्कळसा भाग झाडांतले, मातीतले पाणी उडवण्यात खर्च होतो, आणि दुपारी समुद्रावरून वारा येऊन जमीन थोडी निववतो. वाळवंटाच्या जमिनीत उडवायला पाणीच नाही. सगळे ऊन वाळू तापवते, वाळू हवा तापवते. सूर्य मावळला की तीच कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यांमुळे उष्णता भराभर निघून जाते. म्हणून आपल्याकडे मे महिन्यात दिवसरात्रीचे अंतर सहासात अंशांचे, तर तिकडे किनाऱ्यावरदेखील बारातेरा अंशांचे, आणि आत वाळूकडे जावे तसे आणखी जास्त. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वर्तमानपत्रात छापतात ते ३८ अंश सावलीतले असतात. उन्हातल्या मोटारीचे दार, बागेतली लोखंडी घसरगुंडी, अनवाणी पायाखालची फरशी यांचे आकडे कोणी छापत नाही. लहान मुलांच्या हाताला मात्र ते आपोआप कळतात.

माणसाच्या अंगाचा कारभारही समजून घ्यावा. आपली कातडी साधारण ३४-३५ अंशांवर असते. हवा त्यापेक्षा थंड असेल तर अंगातली उष्णता आपसूक बाहेर जाते आणि पंख्याचा वारा सुखाचा वाटतो. हवा त्याहून गरम झाली की व्यवहार उलटतो. मग वारा अंगाला तापवतो. भट्टीचे दार उघडल्यावर तोंडावर येतो तसला वारा. त्या वेळी शरीरापाशी एकच उपाय उरतो, घाम. आणि घामाने गारवा मिळतो तो तो वाहिल्याने नाही, तो वाळल्याने. एक लिटर घाम वाळताना अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नळाचे एक लिटर पाणी चुलीवर उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सातआठ पट. निसर्गाने दिलेले हे फार थोर यंत्र आहे. अट एवढीच की त्यात पाणी भरत राहिले पाहिजे.

मुंबईकर फसतो तो इथेच. मुंबईची हवा दमट, त्यामुळे घाम वाळत नाही, पाठीवरून ओघळतो, सदरा चिकटतो, आणि आपल्याला कळते की घाम फार आला, पाणी प्यावे. आपली सारी सवय त्या चिकचिकीवर बेतलेली आहे. वाळवंटाच्या कोरड्या हवेत घाम येतो तसाच उडून जातो. अंग कोरडे, सदरा कोरडा, आणि माणूस खुशीत. आपण उकाडा ओळखायला शिकलो तो घामावरून, आणि तिथे घाम दिसतच नाही.

माझ्या मे महिन्यातल्या फेरीत नेमके हेच घडले. बरोबर माझे थोरले बंधू होते, सत्तरीचे. दुसऱ्याच दिवशी आम्ही एका सहलवाल्याची गाडी घेतली. त्याने आम्हाला सकाळी अकरा वाजता दुबईच्या खाडीकाठच्या जुन्या वस्तीत सोडले. अल फहिदी म्हणतात त्या भागाला. अरुंद गल्ल्या, मातकट रंगाच्या भिंती, वर चौकोनी मनोरे. फार देखणी जागा. पण वेळ अकराची. दादा म्हणाले, "अरे, बघ, मला घामसुद्धा येत नाही. आपल्या मुंबईपेक्षा हे बरं!" मलाही ते पटले. पाण्याची बाटली पिशवीत तशीच राहिली. पाऊण तास हिंडल्यावर दादा एका पायरीवर बसले ते उठेनात. डोके गरगरते म्हणाले, ओकारी येईलसे वाटते म्हणाले, चेहरा पांढराफटक. त्यांचा गडद निळा सदरा मी पाठीमागून पाहिला, तर त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. घाम आला नव्हता म्हणे! लिटरभर तरी येऊन गेला होता, आणि पाणी उडून मीठ तेवढे मागे राहिले होते.

जवळच रस्त्याचे काम चालले होते. तिथला एक तरुण कामगार धावत आला. आमचे बोलणे त्याने ऐकले होते. म्हणाला, "काका, मी रत्नागिरीकडचा. यांना आधी आत घ्या." त्याने दादांना एका दुकानात नेले, पाय उंच करून निजवले, मानेला ओला पंचा गुंडाळला आणि पाण्यात साखर-मीठ घालून घोटघोट पाजले. अर्ध्या तासाने दादा सावरले. निघताना तो मला म्हणाला, "काका, या वेळेला बाहेर पडायचं नसतं इथं." मी म्हटलं, "आणि तू?" तर म्हणाला, "माझं काम आहे ना." आणि डोक्याला फडके गुंडाळून पुन्हा उन्हात गेला.

त्याचे ते वाक्य मला अजून आठवते. त्या देशात उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्या उन्हात काम करवून घेण्यास बंदी आहे. २००५ पासून हा नियम दर वर्षी लागू होतो. पण तो लागू होतो १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत. आम्ही गेलो होतो मे महिन्यात. पारा चाळिशीला पोचलेला आणि नियमाला अजून महिना अवकाश. आपल्या कोकणातली आणि इतरही किती मुले त्या महिन्यात तिथे बांधकामावर, रस्त्यावर, मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोचवत असतील! प्रवाशाला तेव्हा सगळे स्वस्त मिळते, आणि सरकारी पंचांगात कामगाराचा उन्हाळा अजून लागलेला नसतो. वहिनींना मी सांगितले, दुपारी दाराशी कोणी सामान घेऊन आला तर आधी थंड पाण्याचा पेला पुढे करा. त्या म्हणाल्या, "ते काय सांगायला हवं?" खरेच, त्यांना सांगायला नको होते.

दादांना झाला तो उन्हाचा साधा शीण. त्याच्या पुढची पायरी म्हणजे उष्माघात. माणूस असंबद्ध बोलू लागला, भलतीकडे चालू लागला, अंग हाताला चटका बसावा इतके तापले, तर घरगुती उपायांवर विसंबू नये. तिथे रुग्णवाहिकेचा क्रमांक ९९८ आहे. ती येईपर्यंत माणसाला सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे आणि वारा घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. म्हाताऱ्या माणसांची तहान मंद झालेली असते. शरीर मागत नाही म्हणून पाणी न पिणे हे त्यांच्या बाबतीत सर्वांत धोक्याचे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. तेव्हा निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना, मी अशा जागी चाललो आहे, गोळी तशीच चालू ठेवू का, मीठ-साखरेचे पाणी मला चालेल का, हे विचारून घ्यावे. वहिनींनी विचारले आणि बरे झाले. त्यांच्या डॉक्टरांनी एका गोळीत बदल सुचवला. आणि नातवंडांची गोष्ट. उभ्या मोटारीत मूल दोन मिनिटेसुद्धा एकटे ठेवू नये. बंद गाडीचे तापमान उन्हात दहा मिनिटांत दहा अंशांनी चढू शकते.

मग तिथली माणसे पूर्वी, वीज आणि वातानुकूलन यायच्या आधी, काय करीत असतील? ही हकीकत मोठी मजेची आहे. आपण ज्याला मंदीचा काळ म्हणतो तो त्यांचा ऐन कामाचा हंगाम होता. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आखातात मोत्यांसाठी बुड्या मारीत, कारण पाणी उबदार असले तरच माणूस दिवसभर खाली-वर करू शकतो. त्या मोत्यांचा मोठा बाजार होता तो आपल्या मुंबईत. १९३० च्या सुमारास जपानी कृत्रिम मोती आले, त्यातच जगभर मंदी पसरली, आणि तो धंदा बसला. तरी व्यवहार आपल्याशी राहिलाच. १९६६ पर्यंत त्या किनाऱ्यावर नाणे आपला रुपयाच चाले. १९५९ साली तर आपल्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या होत्या. संयुक्त अरब अमिरात हे राष्ट्र झाले ते १९७१ च्या डिसेंबरात, म्हणजे आमच्या दादांपेक्षाही वयाने धाकटे.

पुरुष मोत्यांवर जात, तेव्हा बायकामुले किनारा सोडून आत खजुराच्या बागांकडे मुक्काम हलवीत. अल ऐन, लिवा अशा ठिकाणी. तिथे सावली, गोड्या पाण्याचे पाट, आणि जूनपासून पिकू लागलेला खजूर. गावात राहिले त्यांच्यासाठी घरावर ते चौकोनी मनोरे असत, ज्यांच्याखाली आमचे दादा घेरी येऊन बसले होते. त्यांना बारजील म्हणतात. चारी बाजूंनी उघडे. कुठूनही वारा आला तरी तो पकडून खालच्या खोलीत सोडायचा, आणि आतली गरम हवा दुसऱ्या बाजूने वर निघून जायची. उन्हाला तोंड देत बसण्यापेक्षा त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचे, ही त्यांची रीत. आजही तिथले रहिवासी तेच करतात. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते, आणि रात्री दहा वाजता बागेत मुले झोके घेत असतात.

प्रवाशाने हेच घड्याळ उचलावे. मुंबईकराला ते उचलणे सोपे जाते, कारण तिकडची वेळ आपल्या मागे दीड तास आहे. भांडुपला सहाला उठणाऱ्या वहिनींना तिथे पहिले काही दिवस साडेचारलाच जाग येणार. सगळे म्हणतील, झोपा अजून. पण मी म्हणतो, झोपू नका. मे महिन्यात तिथे साडेपाचला सूर्य उगवतो. साडेपाच ते आठ हे सोन्याचे तास. समुद्रकिनारा, शारजाच्या खाडीकाठचा रस्ता, मासळीबाजार, जे चालून पाहायचे ते तेव्हा पाहावे. दहानंतर घर. जेवण, झोप, नातवाची वाट पाहणे. सूर्य सातला मावळतो. त्यानंतर पुन्हा बाहेर. खाडी ओलांडणारी लाकडी होडी, अब्रा म्हणतात तिला, फक्त एक दिरहम घेते. रात्रीच्या दिव्यांत त्या होडीत बसून दैरा ते बर दुबई असा फेरा मारण्यात जे सुख आहे ते ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफावर चढण्यात मला तरी सापडले नाही. अर्थात नात माझे ऐकणार नाही. तिला बुर्ज हवाच.

दुपारी बाहेर पडायचेच असेल तर मग बंद छपराखाली. मेट्रो आहे, प्रचंड मॉल आहेत, एका मॉलच्या पोटात तर खरा बर्फ पाडून घसरायची सोयही २००५ पासून केलेली आहे. मात्र तिथे निराळाच धोका. बाहेर चाळीस आणि आत बावीस. दिवसातून चार वेळा असे आतबाहेर झाले की घसा बसतो आणि गुडघे बोलू लागतात. वाळवंटात जाताना शाल घ्या, असे मी म्हणालो तेव्हा वहिनींना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती.

काही गोष्टी या दिवसांत मिळत नाहीत, त्या आधीच मनातून काढलेल्या बऱ्या. ग्लोबल व्हिलेज नावाची मोठी जत्रा हिवाळ्यापुरती असते आणि मे महिन्यात कधीतरी गुंडाळली जाते. फुलांची ती प्रसिद्ध बागही उन्हाळ्यात दारे लावून घेते. जाहिरातीतली चित्रे सारी जानेवारीची असतात. तेव्हा पैसे भरण्याआधी तारीख विचारावी. आमच्या सहलवाल्याने विचारले नाही तोवर सांगितले नव्हते. पक्ष्यांचेही तसेच. आमच्या भांडुपच्या पंपिंग स्टेशनपाशी खाडीत जे रोहित पक्षी हिवाळ्यात येतात, तसेच दुबईच्या रास अल खोर या पाणथळीतही पुष्कळ येतात, पण दोन्हीकडे त्यांची खरी गर्दी हिवाळ्यातली. पाखरांना सीझन कळतो. वाळूतल्या गाडीच्या सफरीला दुपारी तीनला उचलतात. त्याऐवजी उशिरात उशिरा निघणारी गाडी मागावी, आणि वाळूवर चपला काढू नयेत.

एक दिवस काढून अल ऐनला मात्र जावे. दुबईहून मोटारीने दीडदोन तास. तिथल्या जुन्या बागेत लाखाच्या वर खजुराची झाडे आहेत, आणि फलज म्हणतात त्या पाटांनी दुरून आणलेले पाणी त्यांना पाळीपाळीने दिले जाते. अल ऐनच्या या जुन्या स्थळांना २०११ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले. मे महिन्यात खजूर हिरवाच असतो, घोस लटकत असतात. पण बाहेरच्या रस्त्यावरून त्या सावलीत शिरताना जो फरक लागतो, त्यावरून बायकामुले मुक्काम का हलवीत ते एका पावलात कळते. आपल्याकडे नारळी-पोफळीच्या आगरात शिरताना लागतो तसाच, पण दसपट.

पाण्यावरून भांडुपकराला एक गंमत सांगतो. आमच्या भांडुपला पालिकेचे प्रचंड जलशुद्धीकरण केंद्र आहे. ठाणे जिल्ह्यातल्या धरणांचे पाणी तिथे गाळून अर्ध्याअधिक मुंबईला जाते, आणि आम्ही शेजारी राहूनही त्याची आठवण फक्त नळ बंद असतो त्या दिवशी काढतो. दुबईला नदी नाही, धरणाचे पाणी नाही. जबल अलीच्या कारखान्यांत समुद्राच्या पाण्यातले मीठ काढून शहराला पुरवतात. एवढ्या खटाटोपाने आणलेले ते पाणी गच्चीवरच्या टाकीत उन्हाने इतके तापते, की कडक उन्हाळ्यात थंडाच्या नळाला गरम पाणी येते. तिकडची मंडळी मग गीझरचे बटण बंद ठेवतात आणि गीझरमध्ये सावलीला राहिलेले पाणी थंड म्हणून वापरतात! आपला मुलगा उलटा नळ का सोडतो, असे वहिनींना वाटू नये म्हणून हे आधी सांगून ठेवले.

शेवटी बांधाबांध. औषधे घ्यायची ती मूळ वेष्टणात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि लागतील तेवढीच. आपल्याकडे सहज मिळणारी काही जालीम वेदनाशामके आणि खोकल्याची औषधे, ज्यांत कोडीन किंवा ट्रामाडॉल असते, ती तिथे आधी परवानगी घेतल्याशिवाय नेणे हा गुन्हा आहे. दुसऱ्याने "एवढं माझ्या भाच्याला द्या" म्हणून दिलेले बंद पुडके घेऊ नये, मग तो कितीही जवळचा असो. विड्याची पाने न्यायची नाहीत. आणि खसखस तर मुळीच नाही. अफूच्या बोंडातली म्हणून तिच्यावर तिथे पूर्ण बंदी आहे, चिमूटभर सापडली तरी प्रकरण पोलिसांत जाऊ शकते. आपल्याकडे खसखस कशाकशात असते याचा विचार कोणी करीत नाही. डिंकाच्या लाडवात असते, काही घरांच्या मसाल्यात असते.

हे सांगत होतो तेव्हा वहिनींचा चेहरा पडला. त्या उठल्या, आत गेल्या आणि एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. मुलाला आवडतात म्हणून आठ दिवस खपून अनारसे केले होते. एकेकावर खसखस अशी दाट लावलेली. डबा बराच वेळ त्यांनी मांडीवर धरून ठेवला. मग म्हणाल्या, "बिनखसखशीचे होतात का हो?" होतात, पण ते पीठ पुन्हा भिजवायला आणि मुरवायला दिवस लागणार, आणि विमान तीन दिवसांवर आलेले. अखेर त्यांनी बेसनाचे लाडू वळले. अनारसे इमारतीत वाटले गेले. ज्या तटाला वाळवंटाचे भय नव्हते, त्याने दोन-दोन घेतले.